पावणं बघा

गुन्हेगारी जगात मी शिरले ती मिक्सरच्या वाटेने. बारा वर्षं मी कोल्हापुरात घरी बसून इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतेय: मिक्सर, गिझर, रक्तदाबाच्या गोळ्या, विम्याचे अर्ज. 'झाकण घट्ट बसल्याची खात्री करा' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की मी गेल्यावर माझ्या फोटोखाली तेच लिहिलं तरी चालेल. मला काम पाठवणाऱ्या एजन्सीतल्या बाई बंगळूरला असतात. त्यांनी एक दिवस फोनवर विचारलं, "व्हिडिओ गेम करणार का? नाहीतर एक गिझर आलाय." गिझरना मी कंटाळले होते, म्हणून टोळीयुद्ध घेतलं.

गेम असा, की आपण एका बंदराच्या गावातली टोळी चालवायची. गोळीबार थोडा, कारभार फार. कुणाला कुठल्या कामावर धाडायचं, कुणाला गप्प करायचं, कुठल्या साहेबाला दिवाळीला काय पोचवायचं, रुसलेल्या माणसाला कसं समजवायचं. अधूनमधून गोष्ट पुढे सरकते आणि त्यात आपल्याच निर्णयांची फळं आपल्यासमोर येऊन उभी राहतात. टोळीची मालकीण साठीची एक बाई आहे. एकूण प्रकार एखादी पतसंस्था चालवण्यासारखाच, फक्त इथले लोक आपण चोर आहोत हे कबूल करतात.

पहिला अनुवाद मी मिक्सरच्या हाताने केला. इंग्रजीत मालकीण आपल्या माणसांना 'याची काळजी घ्या' अशा अर्थाचं काहीतरी सांगते आणि ती काळजी कशी घ्यायची ते बंदुकीला कळतं. मी लिहिलं, 'सदर इसमाची योग्य ती व्यवस्था करावी.' लिहून झाल्यावर स्वतःवर खूश होऊन चहासुद्धा प्यायले.

मग खेळणाऱ्यांची मतं यायला लागली. गेमच्या पानाखाली कुणालाही मत लिहिता येतं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला हा आपला राष्ट्रीय खेळ. एकाने विचारलं, 'ही डॉन आहे की ग्रामसेविका?' दुसऱ्याने लिहिलं, 'खून करायच्या आधी अर्ज तीन प्रतींत द्यायचा का?' तिसरा म्हणाला, 'मराठी लावली आणि झोप लागली. मग आईला लावून दिली, तिलाही लागली. एक स्टार, तोही झोपेबद्दल.' काही जण महिनाभर रोज खेळून वर 'वेळ फुकट गेला' असं लिहीत होते. ताट चाटूनपुसून साफ केल्यावर मीठ कमी होतं म्हणणारी जमात मला लहानपणापासून माहीत आहे, पण तोवर ती माझ्या मिठाबद्दल बोलत नव्हती.

मला राग आला. त्यांचा आलाच, पण ते खरं बोलत होते याचा जास्त आला.

पंधरा दिवसांनी बंगळूरच्या बाईंचा फोन आला. गेमवाली कंपनी म्हणत होती की मराठीबद्दलची मतं अशीच राहिली तर वर्षाअखेरीला मराठी काढून टाकू. भाषणात सांगतात तसली मायबोलीची कळ मला आली नाही, खोटं कशाला बोलू. पण जगात एक गेम मराठीत आला होता आणि माझ्या 'सदर इसमा'मुळे तो जाणार होता. मला लाज वाटली. रात्रभर तळमळले वगैरे नाही, पण दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करावासा वाटेना, म्हणून आत्तीकडे जेवायला गेले.

आत्ती म्हणजे माझ्या बाबांची बहीण. बाकीचा महाराष्ट्र आत्या म्हणतो. आत्ती दिली होती कागलला, तिथून कर्नाटक हाकेवर, त्यामुळे आमच्या घरात तिची आत्ती झाली. नवरा गेल्यावर ती कोल्हापूरला आली आणि शाहूपुरीतल्या एका बोळात तिने खानावळ काढली. आठ टेबलं, आत भाकऱ्या थापायला दोन बायका आणि दारात खुर्ची टाकून बसलेली आत्ती. गिऱ्हाईक उंबऱ्यात दिसलं की ती मान आत वळवून ओरडते, "पावणं बघा गं!" ते ओरडणं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला ऐकू जातं. आत ताटं खडखडतात आणि मिनिटभरात आमटी, खर्डा, भाकरी समोर येते.

हे झालं पाव्हण्यांचं. घरच्यांसाठी नियम वेगळा. आम्हा भाच्यांपैकी कुणी गेलं की आत्ती ढुंकूनही बघत नाही. आपण सरळ आत जायचं, मांडणीवरचं ताट घ्यायचं, आपलं आपण वाढून घ्यायचं आणि जेवून झाल्यावर धुऊन ठेवायचं. लहानपणी मी एकदा टेबलाशी बसून वाट बघत राहिले तेव्हा ती म्हणाली होती, "घरचं माणूस हाईस का पावणं? पावण्याला वाढत्यात. घरच्याला कोण वाढतंय?" तेव्हापासून मी त्या खानावळीत कधी बसून जेवण मागवलेलं नाही.

तर त्या दिवशी मी आत भात वाढून घेत होते आणि बाहेर भाजीवाला आला होता. त्याने सकाळी किडकी वांगी पाठवली होती. आता आत्ती त्याला सोलणार म्हणून मी ताट घेऊन दारात उभी राहिले. आत्तीने आवाजसुद्धा चढवला नाही.

"या पावणं, बसा की," ती म्हणाली. "उन्हातनं आलाय. पाणी घ्या."

तो बसला. त्याने तांब्या उचलला आणि परत ठेवला.

"पोरं बरी हाईत न्हवं? बरं. आता जेवूनच जावा." आणि मान आत वळवून, "पावणं बघा गं!"

आतून ताट आलं. त्यात फक्त वांग्याची भाजी होती, त्याच्याच वांग्यांची, आणि एक भाकरी. आत्ती समोर खुर्ची ओढून बसली आणि मायेने म्हणाली, "खावा की. लाजताय काय? आपल्याच शेतातलं हाय." तो खाली मान घालून निम्मं ताट जेवला. त्यानंतर त्या माणसाने आत्तीला कधी खराब देठसुद्धा पाठवलेला नाही.

मी भात तसाच ठेवला आणि मोबाइलवर लिहायला लागले. माझ्या मालकिणीला जे बोलता येत नव्हतं ते ही बाई दारात बसून फुकट बोलत होती. आपल्याकडे 'बघून घेतो' ही धमकी आहे आणि 'जरा बघता का' ही विनवणी, आणि दोन्हींतलं क्रियापद एकच. पुढचे दोन महिने मी आत्तीकडे रोज जेवायला गेले. तिला वाटलं भाचीला माया सुटली. मी तिचं एकेक वाक्य खिशात घालून घरी नेत होते. चोरीच ती, दुसरं नाव काय देणार? विषयही तोच होता म्हणा.

मालकिणीचं सगळं बोलणं मी नव्याने लिहिलं. ती आता 'हाय' आणि 'न्हाय' बोलायला लागली, शत्रूला 'पावणं' म्हणायला लागली, आणि जिथे 'सदर इसमाची व्यवस्था' होती त्या बटनावर मी लिहिलं, 'पावणं बघा रं!' आत्ती बायकांना सांगते म्हणून 'गं' म्हणते, मालकिणीची माणसं पुरुष म्हणून मी 'रं' केलं. एवढाच काय तो माझा अनुवाद.

एजन्सीच्या तपासनिसाने त्यात एकशे तीस चुका काढल्या. त्यातल्या बहुतेक एकच होत्या: पात्र स्त्री असून 'मी जातो', 'मी बघतो' असं पुल्लिंगी बोलते. मी त्याला कळवलं की कोल्हापुरात बायका असंच बोलतात, मीसुद्धा घरी 'मी येतो' म्हणते आणि आजवर मला कुणी पुरुष समजलेलं नाही. त्याने त्या सगळ्या चुका मागे घेतल्या.

मग मतांचं वारं फिरलं. 'नाद खुळा', 'विषय हार्ड', 'या बाईच्या हातचं मरणसुद्धा चालेल.' सगळ्यात जास्त मतं त्या एका बटनाबद्दल होती. कारण एक घोळ झाला होता आणि तो फक्त आमच्याच भागातल्या लोकांचा झाला होता. मुंबईच्या, नाशिकच्या खेळणाऱ्यांना धमकी बरोबर कळली. कोल्हापूरकरांनी मात्र 'पावणं बघा' वाचून त्याचा सरळ अर्थ घेतला. दुसऱ्या प्रकरणात एक म्हातारा बेकरीवाला मालकिणीकडे गाऱ्हाणं घेऊन येतो, गरीब माणूस, सगळ्यांना आवडतो. लोकांनी त्याला चहापाणी मिळावं म्हणून बटन दाबलं आणि तो जागच्या जागी आडवा झाला.

एकाने लिहिलं, 'दारात आलेल्या पावण्याला पाणी न विचारता मारलं. हे कुठलं कोल्हापूर?' दुसऱ्याचं मत, 'मारायचं तर मारा, पण जेवायला घालून मारा. काही रीतभात?' करवीर तालुक्यातल्या एकाने तीन परिच्छेद लिहून बेकरीवाल्याला श्रद्धांजली वाहिली आणि शेवटी पाच स्टार दिले. पुण्याच्या एका गृहस्थांनी मालकिणीच्या व्याकरणातल्या लिंगाच्या चुकांची यादी जोडून एक स्टार दिला, त्यावर खाली जी काय जुंपली ती मी दोन दिवस शेंगा खात वाचली. बंगळूरच्या बाई म्हणाल्या, "काय केलंत तुम्ही? कंपनी खूश आहे. असंच राहिलं तर मराठी वाचली समजा." मी तरंगत होते.

आणि मग कुणीतरी लिहिलं, 'अरे, ही तर शाहूपुरीतल्या आमच्या खानावळीतली आत्ती!'

खानावळीत कॉलेजची पोरं जेवायला असतात. पुढच्या आठवड्यात आत्तीने 'पावणं बघा गं' म्हटलं की टेबलं हसायला लागली. आधी तिला वाटलं आपल्या पदराला काही लागलंय. मग वाटलं पोरांचं आपसात काहीतरी असेल. शेवटी इंजिनिअरिंगच्या एका मुलीला दया आली आणि तिने मोबाइल पुढे करून आत्तीला सगळं दाखवलं, मालकिणीचं बोलणं वाचून दाखवलं. गेममधल्या एका मासेवाल्याला दम देताना मालकिणीच्या तोंडी मी वांगीवाल्याशी झालेलं बोलणंसुद्धा जसंच्या तसं घातलं होतं, फक्त वांग्याच्या जागी मासे. आत्तीने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "हे लिवलंय कुणी?" गेमच्या शेवटी अनुवादकाचं नाव येतं. त्या दिवसापर्यंत मला त्याचा फार अभिमान होता.

यातलं काही मला माहीत नव्हतं. मी नेहमीसारखी दुपारी गेले आणि आत निघाले, तर आत्ती खुर्चीतून उठली.

"या पावणं," ती म्हणाली. "आत कुठं? बसा की हितं. काय घेणार?"

मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिने स्वतः टेबल पुसलं, पाण्याचा तांब्या ठेवला, ताट आणून समोर मांडलं आणि बाजूला उभी राहिली. "भात घेता? लाजू नका." मी तिची भाची, तिच्या मांडीवर वाढलेली, आणि ती मला अहोजाहो करत होती. वांगीवाल्याला काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं. ताट धुवायला उचललं तर तिने हातातून काढून घेतलं. "पावणं ताट धुत्यात व्हय?"

तेवढ्यात दारात दोन माणसं आली. आत्तीने सवयीने मान वळवली, तोंड उघडलं आणि मिटलं. मग आत गेली आणि हळू आवाजात सांगितलं, "तीन नंबरला दोन ताटं." मी इतकी वर्षं त्या खानावळीत जातेय, पण इतकी शांत ती कधी ऐकली नव्हती. मला रडू आलं, आणि पाव्हण्याने दुसऱ्याच्या घरी रडायचं नसतं म्हणून मी बाहेर पडले.

आठ दिवस हेच. मी जायचे, ती 'या पावणं' म्हणायची, वाढायची, उभी राहायची. नवव्या दिवशी मी मुद्दाम चार वाजता गेले, खानावळ रिकामी असताना. ती लसूण सोलत होती.

"आत्ती, शिव्या दे. दोन थोबाडीत मार. पण हे बंद कर."

"पावण्याला कोण मारतंय? ते तुमच्या गेममधी." मग लसणावरची नजर न काढता म्हणाली, "वाचा. लोकं काय म्हणत्यात वाचा बघू."

मी मतं वाचली. मला आशा होती की कौतुक ऐकून ती विरघळेल. 'या बाईच्या हातचं मरणसुद्धा चालेल' यावर ती म्हणाली, "मरान चालतंय म्हणं. आमटी चालत न्हाय, रोज मीठ मागत्यात." बेकरीवाल्याची श्रद्धांजली ऐकून मात्र तिचा हात थांबला.

"त्या म्हाताऱ्याला माझ्या तोंडानं मारलंस?"

"तुझ्या नव्हे, मालकिणीच्या. आणि आत्ती, तूच नाही का वांगीवाल्याला..."

"वांगीवाल्याला मी जेवायला घातलं," आत्ती म्हणाली. "मारलं न्हाय. जेवायला घातल्यावर माणूस सुधारतंय. मारून कोण सुधारलंय?"



मग तिने मला खानावळीच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली, जी आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती. "सकाळपासनं कोण आलं न्हवतं. दोन वाजता एक ट्रकवाला आला, मलकापूरकडनं. आत कामाला कोण न्हाय, मी एकटी. एकट्या बाईची खानावळ म्हटल्यावर माणूस कसं बघतंय तुला म्हाईत न्हाय. म्हणून आत तोंड करून मोठ्यानं वरडलो, पावणं बघा गं! आत कोण हुतं? भिंत. मग मीच आत गेलो, मीच ताट वाढलं, मीच घिऊन आलो. त्यो पोटभर जेवला. जाताना म्हणाला, आतल्यांस्नी सांगा, जेवान लई भारी झालंय." ती पहिल्यांदाच थोडी हसली. "मी आत जाऊन भिंतीला सांगितलं."

ती आपणहून मला 'तू' म्हणाली होती, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं.

"शब्द काय, कुणाचाबी असंल," ती म्हणाली. "पर ह्यो वरडा माझा हाय. धा-बारा दिसामागं एक माणूस बायकापोरं घिऊन आला, पयल्यांदाच. मी वरडलो आणि मागनं एक कार्टं वरडलं, 'गेले! मेले!' ती बाई घाबरली की. पोरास्नी घिऊन उठली, उपाशी. माझ्या दारातनं पावणं उपाशी गेलं." मग तिने पदर खोचला आणि परत अहोजाहोवर आली. "आता जावा तुमी. पाणी दिऊ का?"

घरी येऊन मी गेम उघडून बसले. गोळी सुटायची ती सुटणारच होती, ती परदेशातल्या कुणीतरी लिहिलेली. माझ्या हातात फक्त बटनावरची अक्षरं. 'पावणं बघा' काढून टाकलं की प्रश्न मिटला असता. पण काढलं तर तो शब्द कुठेच उरणार नव्हता, आणि पोरांच्या तोंडी त्याचा अर्थ खून हाच राहणार होता. मग मला दुसरं बटन दिसलं. गेममध्ये मालकिणीला एखाद्याला जेवायला बोलावता येतं. त्यात आपला एक दिवस खर्च होतो, म्हणून ते कुणी दाबत नसे. त्यावर मी 'भोजनाचे आयोजन' असं काहीतरी कंटाळवाणं लिहिलं होतं.

मी दोन्हींची अदलाबदल केली. जेवणाच्या बटनावर 'पावणं बघा' लिहिलं, या वेळी 'रं' नाही आणि 'गं' नाही. आणि खुनाच्या बटनावर माझं जुनं, लोकांनी लाथाडलेलं वाक्य परत आणलं.

बंगळूरच्या बाईंना मी सांगितलं की अनुवादात एक गंभीर चूक राहिली होती. त्या म्हणाल्या, "पण लोकांना ती चूकच आवडलीय. हे बदललं आणि मतं खाली आली तर मराठी जाईल. मग मला सांगू नका." मी म्हटलं, बदला. आणि त्यांनी पुन्हा विचारायच्या आत फोन ठेवला.

नवी आवृत्ती आली आणि दोन दिवसांत बोंबाबोंब झाली. 'सवयीने पावणं बघा दाबलं. दुश्मन पोटभर जेवून, सुपारी खाऊन गेला.' 'अनुवादकाला सदर इसम समजून त्याची योग्य ती व्यवस्था करावी.' हे दुसरं मी तीनदा वाचलं. चांगलं लिहिलं होतं. एकाने मात्र कबूल केलं की 'सदर इसमाची व्यवस्था' वाचून आता खरी भीती वाटते, घरी सरकारी पत्र आल्यासारखी. स्टार धडाधड गळत होते. मग चौथ्या-पाचव्या दिवशी एक वेगळं मत आलं: 'ज्याने माझी माणसं फोडली त्याला मी चुकून तीनदा जेवायला घातलं. आता तो माझ्याच टोळीत आलाय. असं होतं हे कुणाला माहीत होतं का?' कुणालाच माहीत नव्हतं. गोष्टीतली ती वाट पहिल्यापासून होती, फक्त तिच्यावरून कुणी गेलं नव्हतं.

मराठी राहणार की जाणार ते हे लिहीपर्यंत कळलेलं नाही. मतं निम्मी इकडे, निम्मी तिकडे आहेत. बंगळूरच्या बाईंनी दरम्यान गिझर पाठवलाय.

आत्तीला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगायला तोंड नव्हतं. एका मंगळवारी दुपारी गेले, "या पावणं, बसा," झालं, आणि मी गपचूप टेबलाशी बसले. शेजारच्या टेबलावर कॉलेजची पोरं होती. त्यातलं एक पोरगं हातातली भाकरी हलवत तक्रार करत होतं, "आत्ती, काय चाललंय तुझ्या बाईचं? मारायला धाडलं तर जेवायला घातलं की!"

आत्तीच्या कपाळाला आठी पडली. "कुणाला घातलं?"

"दुश्मनाला! पावणं बघा म्हटलं की आता जेवान वाढालीत. मारत न्हाईत."

"मग?" आत्ती म्हणाली. "बिघडला काय त्यो जेवून?"

"न्हाय," पोरगं ओशाळून म्हणालं. "माझ्यातच आला."

आत्तीने माझ्याकडे बघितलं. मी तांब्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात उंबऱ्यात एक माणूस आला. हातात पिशवी, पायाला धूळ, बाहेरगावचा. "जेवण मिळेल का?" त्याने विचारलं. पोरं आत्तीकडे बघत होती, मी पोरांकडे. आत्तीने पदर सारखा केला, मान आत वळवली आणि झेरॉक्सवाल्यापर्यंत जाईल अशी ओरडली,

"पावणं बघा गं!"

कुणी ओरडलं नाही. एक जण हसला, पण त्याला शेजारच्याने कोपर मारलं. आत ताटं खडखडली. माणूस बसला, त्याच्यासमोर आमटी आली, खर्डा आला.

मी वाट बघत होते. माझं ताट येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. विचारावं तर कसं, म्हणून तशीच बसून राहिले.

"काय गं," आत्ती दारातून म्हणाली, "पावण्यावानी काय बसलियास? ऊठ, घे की वाढून. आणि येताना त्यास्नी भाकरी आण, संपली बघ त्यांची."

मी उठले आणि आत गेले. मांडणीवरचं ताट खाली काढलं, पण आधी पावण्यांना भाकरी नेऊन वाढली.